वधुपित्याचं कार्ड

इराची पाठवणी तोंडावर आली होती आणि वधुपिता माधवराव टिपणीसांचा डावा कान भाजत होता. कानामागे बसवलेल्या नेटवर्क कार्डातून परदेशातले दोनशे वऱ्हाडी त्यांच्याच डोळ्यांनी लग्न पाहत होते. त्यातल्या प्रत्येकाची वधुपित्याने मनातल्या मनात जातीने विचारपूस करायची, ही हल्लीची रीत.

“नवऱ्याचे मामा टोरांटोत रुसलेत,” मेहुणा दिगंबर कुजबुजला. “भावजी, कार्ड सर्व्हरचंच घेतलंत ना?”

“डेस्कटॉपचं. खोक्यावर वेग तोच लिहिला होता.”

“अहो, वेगाचं काय घेऊन बसलात! सर्व्हरचं कार्ड गर्दी स्वतः निस्तरतं. डेस्कटॉपचं सगळं मालकाच्या डोक्यावर ढकलतं. बंद करा ते!”

“भर मांडवात? व्याह्यांच्या तोंडावर दार लावल्यासारखं होईल.”

टिपणीसांना घाम फुटला. लेकीला निरोप देताना काय बोलायचं, ते त्यांनी महिनाभर घोकलं होतं. आता त्यातला एकेक शब्द निसटत होता आणि त्या जागी कुणाची तरी आत्या ‘आम्हाला जिलबी नीट दिसत नाही’ म्हणत होती.

इरा पाया पडायला वाकली. “बाबा, येते मी.”

टिपणीसांनी सारा जीव एकवटून तोंड उघडलं.

“आपण रांगेत आहात,” ते म्हणाले. “कृपया प्रतीक्षा करा.”

मांडवात कुणीतरी फिसकन हसलं. इराने मात्र शालू सावरला, वडिलांच्या पायाशी बैठक मारली आणि सासरच्या मंडळींना सांगितलं, “गाडी बंद करा. माझा नंबर यायचाय.”