ओळख पटेपर्यंत

साल १९९९. ठाण्याच्या खाडीकाठी सापडलेला एक जखमी पक्षी मेधा कर्णिकने नौपाड्यातल्या घरी आणून खोक्यात ठेवला. फोटो काढून रोल धुवून घेतला, फोटो स्कॅन केला आणि सायबर कॅफेतून पक्षीतज्ज्ञांच्या ईमेल ग्रुपवर पाठवला.

"हा कुठला पक्षी? दाणे टिपत नाही, मासा गिळत नाही. याला खायला काय घालू?"

डोंबिवलीचे गुप्ते: "नाव ठरल्याशिवाय आहार सांगणं अशास्त्रीय आहे. फोटो हललाय. दुसरा पाठवा."

कल्याणचे सहस्रबुद्धे: "गुप्तेसाहेब, फोटो नाही, पक्षी हललाय. मॅडम, पंखांची आतली बाजू दाखवा."

गुप्ते: "मी तेच लिहिणार होतो."

तिसरे एक सभासद: "चर्चा छान रंगली आहे."

इकडे घरी मेधाचा नवरा वैतागला होता.

"अगं, तो मान टाकतोय आणि तुझं फोटोसेशन चाललंय?"

"त्याच्यासाठीच चाललंय ना! नीट धर रे पंख. बघ, परत फडफडला. हाही फोटो वाया."

शेवटचा फोटो काढताना मात्र पक्ष्याला धरावं लागलं नाही. मेधाने टेबलावर पंख पसरले, ते तसेच राहिले. फोटो तिने एकही शब्द न लिहिता ग्रुपवर पाठवला.

गुप्त्यांचं उत्तर लगेच आलं.



"वा! ओळख पटली. आहार उद्या सविस्तर कळवतो. बाकीच्या सभासदांनीही असेच फोटो काढायला शिकावं."