पेज उघडत नाही

महाळुंग्याच्या कंपनीतलं सुट्या भागांचं ते पेज म्हणजे मारुतीचं शेपूट, सरता सरायचं नाही. ते सांभाळणाऱ्या कॉम्प्युटर विभागातल्या सुखदाने ज्यांना परवानगी दिली असेल त्यांनाच ते दिसायचं, आणि दिसायलाही इतका वेळ घ्यायचं की स्टोअरमधला गुरुदत्त रोज सकाळी दोन चहा घेऊन वर तिच्या टेबलाशी यायचा. "मॅडम, उघडत नाही हो." मग ते उघडेपर्यंत चहा आणि गप्पा.

एकदा सुखदा हट्टालाच पेटली. तोवर पेजमागचं पीएचपी प्रोग्रामिंग सगळी यादी रांधून झाल्यावरच वाढायला घ्यायचं. तव्यावरून उतरेल तशी पोळी पानात पडावी, तशी तिने ती यादी तयार होईल तशी पाठवायला लावली. पेज चुटकीसरशी उघडू लागलं. साहेबांनी पेढे वाटले. गुरुदत्तने खालूनच हात जोडले, आणि त्याचं वर येणंच थांबलं.

आठवडाभर सुखदा मशीनचा पाणचट चहा एकटीच प्यायली. आपल्याच हाताने पायावर धोंडा मारून घेतला होता तिने!

गुरुवारी सकाळी ती कीबोर्डवरून हात उचलते न उचलते तोच दारात गुरुदत्त. हातात दोन चहा, चेहरा अगदी गंभीर.

"मॅडम, कालपासून पेज उघडतच नाही हो!"

"अगं बाई! बसा, बघते. वेळ लागेल पण."

चहाचा घोट घेत सुखदा गालातल्या गालात हसली. त्याची परवानगी तिने काढून घेतली होती खरी, पण ती आत्ता, तो दारात यायच्या क्षणभर आधी.