दारातली छत्री

शिळफाट्यावर भिवाजी फोटोग्राफरने शेठची नवी मोटार टिपली. फोटोत मोटारीच्या चकाकत्या दारात नुसता समोरचा घाट उमटायला हवा होता. उमटली कॅमेऱ्यामागे छत्री धरून उभी असलेली बाई.

"ही कोण रं?" शेठ फोटो बघून खेकसला. "खरवडून टाक. शेठाणीनं बघितलं तर मला जेवाय नाय मिळायचं!"

ती सोना होती, भिवाजीची बायको. कॅमेऱ्याच्या भिंगावर ऊन येऊ नये म्हणून संसारभर ती अशीच उभी राहिली. तिला जाऊन वर्ष झालं होतं. पण गिऱ्हाईक म्हणजे देव. भिवाजीने फोटोच्या काचेवरून तिचा चेहरा सुरीने खरवडला.

दुसऱ्या दिवशी काच फुटल्याची थाप मारून त्याने मोटार पुन्हा तिथेच उभी करवली. भर उन्हात भिंगावर अलगद सावली आली.

"सोना, आलीस गं?"

त्याने दाराकडे पाहिलं. छत्री होती, लुगडं होतं. चेहऱ्याच्या जागी सुरीचे ओरखडे होते.