पंचेचाळीस साखळ्या

गौरी आज बूट न घालता चपलेतच आली, तेव्हाच गुलाबच्या काळजात चर्र झालं.

तो उजाडायच्या आधीपासून दगडापाशी उभा होता. कानाला मफलर, हातात सेकंद मोजायचं घड्याळ, आणि पोटात सहा महिने कशीबशी दाबून ठेवलेली एक गोष्ट. आज ती सांगून टाकायची आणि पोरीला खुदकन हसवायचं, असं ठरवूनच गडी घरातून निघाला होता.

गोष्ट तशी साधीच. पोलीस भरतीसाठी गौरीला आठशे मीटर पळायचं होतं. लोहाऱ्याच्या रस्त्याला, लिंबापासून या दगडापर्यंत बापानंच तिला अंतर मोजून दिलं होतं. गुलाबचं उभं आयुष्य मोजणीच्या साहेबांमागं साखळी ओढण्यात गेलेलं. बांधावरून एकमेकांची डोकी फोडलेले भाऊभाऊसुद्धा गुलाबनं साखळी टाकली की गप घरी जायचे. वीस मीटरची साखळी, चाळीस वेळा टाकली की झाले आठशे. हे त्याला झोपेतही चुकलं नसतं. पण या बहाद्दरानं टाकली पंचेचाळीस वेळा! खरे आठशे त्या अलीकडच्या बाभळीपाशीच संपत होते. बाभळीपासून दगडापर्यंतचे शंभर मीटर बापाच्या पदरचे. इथं जास्त पळायची सवय लागली की ग्राउंडवर पोरगी सुसाट सुटंल, हा त्याचा डाव. आणि आधीच सांगितलं तर बाभळीपाशीच ढिली पडंल, म्हणून तोंडाला कुलूप. आता सवय अंगात पक्की मुरली होती, म्हणून आज ते कुलूप काढायचं.

"बूट कुठं गं?" त्यानं विचारलं.

"आबा, भरतीचं ग्राउंड होऊन गेलं. आज नववा दिवस."

"आगं, तारीख पुढं गेली म्हणलीस की!"

"खोटं बोलले." गौरी दगडावर बसली. "लई पळाले, आबा. पण तीन मिनिटाच्या आत एकदा तरी आले का? तिथं दोन पन्नास लागतंय. ईस-बावीस वर्साच्या पोरींत जाऊन कशाला हसं करून घ्यायचं? तुमी संगं आला असता. येताना एसटीत तुमचं तोंड बघवलं नसतं मला."

गुलाबची नजर बाभळीकडं गेली.

"पुढच्या भरतीला..." तो कसाबसा म्हणाला.

"तेहतीस संपलं की मला. आता न्हाय बसत वयात."

नांदणं मोडून माहेरी आल्यापासून तिनं एवढं एकच धरलं होतं. खाकी अंगावर घालायची आणि त्याच सासरच्या गावातून एकदा ताठ मानेनं चालत जायचं. बाकी कशाला तिनं कधी हात पसरला नव्हता.

गुलाबनं तोंड उघडलं. शब्द पार ओठापर्यंत आले. पण सांगणार काय? बाई, बाभळीपाशी तू दोन महिन्यांपूर्वीच पास झालीस, हे?

"काल म्हणला होता, सकाळी एक गंमत सांगतो," गौरीनं आठवण केली. "काय हो गंमत?"

"इसरलो बघ."

"इसरायला लागला व्हय आता!" ती हसली. मग उठली, चपला दगडापाशी काढून ठेवल्या. "चला, शेवटचं एकदा पळते. मग न्हाय पळायची."

अनवाणी चालत ती लिंबापाशी गेली. हात वर केला. गुलाबनं घड्याळ चालू केलं.

पोरगी पळत आली. डोक्यावरचं ओझं उतरल्यागत मोकळी पळत होती आज. गुलाब तिच्याकडं बघत नव्हता, बाभळीकडं बघत होता. तिनं बाभळ मागं टाकली आणि त्याचा अंगठा आपोआप दाबला गेला. दोन मिनिटं, बेचाळीस सेकंद.

पण ती पळतच होती. मान मागं गेलेली, तोंड उघडं, छाती लोहाराच्या भात्यागत वरखाली. अजून शंभर मीटर होते ना! सहा महिने रोज सकाळी हे शंभर मीटर त्यानं कौतुकानं बघितले होते. आज त्याला ते बघवेनात.

ती दगडाला येऊन टेकली. गुडघ्यावर हात ठेवून धापा टाकत म्हणाली, "किती?"

गुलाबनं घड्याळ मुठीत घट्ट धरलं.

"तीन दोन."

"बघा! म्हणलं नव्हतं?" तिच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. "बरं झालं गेले न्हाय ते. आज दोन पन्नासात आले असते, तर जलमभर वाटत राहिलं असतं, जायाला पायजे होतं म्हणून."

"व्हय," गुलाब म्हणाला. आपण पोरीला वाचवतोय की स्वतःला, हे त्याचं त्यालाच कळेना. डोळ्यांत पाणी आलं, तसं त्यानं मफलरनं नाक पुसून घेतलं.

"आणा ते घड्याळ. शेजारच्या बानूबाईच्या पोरीला, अक्षराला देते. ती पण भरतीचं म्हणतीय. हितंच पळंल."

गुलाबनं पुन्हा अंगठा दाबला. दोन बेचाळीस गेले आणि सगळीकडं शून्यं आली. मग त्यानं घड्याळ तिच्या हातावर ठेवलं.

चपला घालून ती गावाकडं निघाली. दहा पावलं गेली असंल, तोच त्यानं हाक मारली.

"गौरे, अक्षराला म्हणावं, पळायच्या आदी मला भेट. दगड नव्यानं लावून देतो."

गौरी वळली आणि मोठ्या अभिमानानं म्हणाली, "नव्यानं कशाला, आबा? तुमच्या मापाला आजवर कुणी नाव ठिवलंय का?"