साहेबांना दिसेल अशी पेटी

दुसरीतल्या आभाच्या दंडावर आज पुन्हा चिमट्यांचे काळेनिळे डाग होते. कोण छळतंय विचारलं, की पोरगी नुसती दाराकडे बघायची.

गंगापूर रोडच्या या शाळेत तक्रारपेटी लावून महिना झाला होता. तपासणीला येणाऱ्या साहेबांच्या नजरेत भरावी म्हणून मुख्याध्यापकांनी ती चांगली उंचावर ठोकून घेतली होती. दर शनिवारी सुमेधा बाई कुलूप काढायच्या आणि पेटी रिकामीच निघायची.

"तोंडाने नको सांगूस, आभा. पण चिठ्ठी तरी टाकायचीस ना गं!" बाईंचा आवाज चढला.

"तीनदा लिहिली, बाई."

"मग गेली कुठे?"



"माझा हात नाही पोचत तिथे. मग तोच माझ्या हातातून घेतो आणि म्हणतो, 'दे, मी टाकतो.'"