जांभळे डाग
शीतगृहातल्या हमालाने मोजा काढला. पायभर जांभळे डाग होते. "मुकादम, आत पाठवू नका, दारावरचं काम द्या." मुकादमाने डोळे बारीक केले. याच पठ्ठ्याने मागे काखेत कांदा ठेवून ताप आणला होता. "खोक्यांच्या शिक्क्याची शाई फासलीस." "नाही हो. काविळीचा विषाणू रक्तात दडून बसलाय, डॉक्टर म्हणाले. गारठ्यात रक्त साकळतं, बारीक नसा फुटतात. पुढे मूत्रपिंडांवर जाईल." "रक्ताला थंडी वाजते होय? छान गोष्ट रचलीस." शाई पुसायच्या स्पिरिटमध्ये मुकादमाने चिंधी बुडवली, पाय मांडीवर घेऊन खसाखसा घासला. डाग हलेना. दुसऱ्या पायाचा मोजा ओढून तोही घासला, तिथेही तेच. चिंधी पांढरीच राहिली. आपले लोकरी मोजे काढून मुकादमाने त्या पायांत चढवले. "दारावर बस. पण लंगडत जा, नाहीतर बाकीचे म्हणतील, मुकादमाला पुन्हा गंडवलं."