सात आठवड्यांचं शून्य

चिशाने नळीचं तोंड खरवडलं आणि सुकलेल्या चिखलाचा गोळा तिच्या तळहातावर पडला. कुंभारमाशीचं घर. याच नळीतून वायू मोजणारं यंत्र वस्तीतली हवा ओढून घेत होतं, आणि सात आठवडे त्याचा आकडा शून्याला चिकटून होता.

ती तशीच उकिडवी बसून राहिली. तांब्याच्या भट्टीतून सुटणारा गंधकाचा वायू धुराड्यापर्यंत जाऊच द्यायचा नाही, आधीच पकडून त्याचं आम्ल करायचं. या कामात तिची तीन वर्षं गेली होती. ईस्टरनंतर यंत्रणा सुरू झाली. तरी भट्टीच्या सांध्यांतून किती वायू निसटतो, हे वस्तीतलं हे एकच यंत्र सांगू शकत होतं. त्याने शून्य सांगितलं, म्हणून कारखान्यात केक कापला गेला. आता ते शून्य वायू थांबल्याचं की नळी बुजल्याचं? दुपारी अहवालावर सही करायची होती.

वस्तीत या वायूला सेंटा म्हणतात. तिने कुंपणापलीकडच्या दोघींना विचारलं.

"पहाटे येतो की," एक म्हणाली.

"कुठला येतो? तुला रडायची सवयच लागलीय," दुसरी म्हणाली.

यंत्र ज्यांच्या अंगणात होतं, ते बाशी मुताले, म्हणजे मुतालेचे बाबा, आंब्याखाली खुर्ची टाकून बसले होते. तीस वर्षं भट्टीवर काढलेला माणूस. आधी नाक गेलं, मग डोळे.

"आजोबा, सेंटा येतो का हो अजून?"

"मला काय विचारतेस? चुलीवर कापेंटा मासे करपले तरी मला पत्ता नसतो." मग घराकडे तोंड करून त्यांनी मुतालेच्या आईला हाक मारली, "बाना मुताले!"

"इथंच आहे," त्यांच्या पाठीमागून, हातभरावरून, त्यांची बायको म्हणाली. ती भोपळ्याची पानं निवडत होती. "सकाळपासूनची ही अकरावी हाक. पोरी, म्हाताऱ्यांचं डोकं तपासायची सोय आहे का गं तुझ्या यंत्रात?"

"माझं डोकं शाबूत आहे. हीच हल्ली मांजरीच्या पावलांनी वावरते."

"डोळे जाऊन दहा वर्षं झाली, कधी अशा हाका मारल्या नाहीत. आता दिवसभर तेच."

चिशाला हसू आलं नाही. तिने वहीत लिहिलं : नळी बुजलेली आढळली, सात आठवड्यांची नोंद ग्राह्य धरू नये. तीन वर्षं एका ओळीत मावली. तिने वही मिटली. पण कुठलीही गोष्ट कधीपासून, हे विचारायची तिला खोडच होती.

"हाका कधीपासून मारायला लागलात, आजोबा?"

"ईस्टर झाला, त्यानंतरच. सहा-सात आठवडे झाले असतील."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी हाक कशाला लागत होती?" म्हातारा म्हणाला. "सारखी खोकायची ना ती. घरात कुठे आहे, ते मला बसल्या जागी कळायचं."